सव्वीस इंची नळी

...आता त्या हाउगनला बंदुकीचा कारागीर म्हणायचं की सरकारी वकील, हे तुम्हीच ठरवा. चाळीस वर्षं मी मोंटानात बातमीदारी केली, खाणमालकांना घाम फोडला, आमदारांना मागच्या दाराने पळवलं, सरळ उत्तर मिळाल्याशिवाय कुणाची पायरी उतरलो नाही... आणि हा म्हातारा कॉफीचा मग पोटावर टेकवून मलाच विचारतो, "किती इंची?"

अहो, मला फक्त एक नळी हवी होती.

तुम्हाला सांगतो, डोंगरी मेंढ्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी एकोणीस वर्षं अर्ज करत होतो. दर वसंतात अर्ज, दर उन्हाळ्यात नकार. आमच्याकडे माणसं मरतात, पण त्या सोडतीत नाव निघत नाही. यंदा माझं निघालं. एक मेंढा, एक हंगाम. आणि मेंढा काय तुमच्या दारात येऊन उभा राहतो? तो बसतो दरीपलीकडच्या कड्यावर, सहाशे यार्डांवर. माझ्या रायफलची नळी तर पार झिजलेली. म्हणून गेलो हाउगनकडे.

"जाड की बारीक?"

"चांगली."

"आत कोरलेल्या खाचांचा पीळ किती घट्ट?"

"तूच सांग ना बाबा."

"ते गोळीवर आहे. जड गोळीला घट्ट पीळ लागतो. आधी गोळी ठरव, एमेट."

"आणि गोळी कशावर ठरते?"

"नळीवर," म्हणाला, आणि कॉफी प्यायला लागला. इतकी साफ टोलवाटोलवी मी विधानसभेतही पाहिली नव्हती.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून माझा मेव्हणा व्हर्न बोलला. व्हर्नला कुणी विचारलेलं नसतं, तेव्हाच तो बोलतो. "सव्वीस इंची घे. जाड घे. बारीक नळी तापली की दारुड्यासारखी डुलते." माझ्यासोबत आलेली बायको लोर्ना त्याला म्हणाली, "डोंगरावर ती तू उचलणार आहेस का?" तर म्हणतो, "मी का? परवाना त्याचा आहे."

मला फक्त एक नळी हवी होती, आणि त्या दुकानात चार दिवस परिसंवाद चालला... शेवटी घेतली सव्वीस इंची, जाड; दुकानात तयार अशी ती एकच पडली होती. हाउगनने बसवून हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलला. "या जातीच्या काडतुसात दारू पोतंभर आणि नळीचं भोक सुईएवढं. हजार गोळ्यांत नळीचा घसा, गोळी आत शिरते तिथेच, जळून जातो. जपून."

मी हसलो. हजार गोळ्या? मला एकच मेंढा मारायचा होता.

पण नळीला कुठली गोळी आवडते, हे शोधायला नको? आमच्याकडचा तो धर्मच आहे. घरी काडतूस भरताना दारू एक कण वाढवायची, तीन गोळ्या मारायच्या. एक कण कमी करायची, तीन मारायच्या. नळी पुसायची, पुन्हा तीन. निशाणाच्या कागदावरची तीन भोकं कोटाच्या बटणाखाली झाकली गेली, तर व्हर्न दुर्बिणीतून बघून म्हणतो, "बरंय. पण अजून जमेल." त्या 'अजून जमेल'ने माझा घात केला. रोज पंधरा गोळ्या, कधी तीस... लोर्ना म्हणाली, "लग्नानंतर माझी आवड इतक्यांदा विचारली असतीस तर?"

ऑगस्टअखेर नळीच्या आवडीची गोळी सापडली. तीन गोळ्या, एकच भोक. व्हर्ननेसुद्धा दुर्बीण खाली ठेवली. आणि पुढच्याच आठवड्यात तीच नळी, तीच गोळी, आणि भोकं बशीएवढी पसरलेली. हाउगनने नळीत बारीक कॅमेरा घालून पाहिलं.

"घसा गेला. किती झाल्या?"

आमदारांच्या थापा मला तारीखवार पाठ आहेत, पण तेव्हा मी बुटांकडे बघत राहिलो. "नऊशे... आणि काही."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना? या, जळलेला पीळ दाखवतो.

दुसरी मागवून बसवायची तर आठ महिने, आणि हंगाम चार दिवसांवर. गेलो सासऱ्यांची जुनी रायफल घेऊन. नळी बारीक, आखूड, अडीचशे यार्डांपर्यंत इमानदार. हंगामाच्या दहा आठवड्यांत मेंढा दिसला एकदाच. व्हर्नने अंतर मोजलं. सहाशे दहा. मेंढा बसून रवंथ करत थेट माझ्याकडे बघत होता. व्हर्न हळूच म्हणाला, "तुझ्या नळीने हा गेला असता." मेव्हणा आहे, म्हणून त्याला ढकलला नाही. तीन तास वळसा घालून, गुडघ्यांवर रांगत पोचलो. तिथे लेंड्या होत्या. गरम होत्या.

आणि नियम असा, की एकदा परवाना निघाला की मेंढा मिळो न मिळो, सात वर्षं अर्जच करायचा नाही. मी एकाहत्तरचा आहे.

परवा हाउगनला म्हटलं, तशीच सव्वीस इंची नळी परत मागव.

तो म्हणाला, "आठ महिने लागतील, एमेट. घाई नाही ना?"

म्हटलं, नाही. सावकाश येऊ दे.