गढ्याच्या विहिरींतलं मीठ

—अरे ठेव, ती काळी शिशी आधी खाली ठेव, अंबादास भैया, चांदीचं औषध आहे ते, खाऱ्या पाण्यात पडलं की दुधासारखं करते, पण कॉलेजला सोन्याच्या भावानं पडते — आणि चार वाजायला वीस मिनिटं आहेत अजून. बस. बस म्हटलं ना. काय बोटं काळी करून घेतली ही! सहाव्यांदा मोजून काय होणार आहे? पाच वेळा मोजलंस, पाचही वेळा गढा गावच्या विहिरी समुद्र निघाल्या. गढ्याची माणसं तेच पाणी पिऊन राहिली, वरणात वरून मीठ टाकून राहिली, आणि तुझी वही म्हणते — खारं, खारं, खारं! परवा विष्णुपंत साहेब वही वाचून इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मीच दिला रुमाल.

मला माहीत आहे, तू सांगू नको — आज चारला आकडा नीट निघाला नाही तर साहेब संशोधनाच्या वर्गातून नाव कापणार, आणि तू मझौलीला बापाच्या दुकानात गूळ तोलणार. मग? तोलायचं तिथंही आहेच की. गोरखपूरचा एक शालिग्राम होता, अकरा वेळा चुकला, बाराव्या वेळी असा भडका उडाला की टोपी थेट ग्वारीघाटावर सापडली — नदीत, आणि कोरडी! हसतोस काय, या हातानं काढली मी. आज तोफगाड्यांच्या कारखान्यात मोठा माणूस आहे तो. साहेब म्हणतात ना, गणपत, पोरगं चुकल्याबिगर शिकत नाही. म्हणतात काय — चुकवतातच.

काहून असा बघतो? चुकवतात म्हणजे… चलो, तोंडातून निघालंच आता. ते कोपऱ्यातलं शुद्ध पाण्याचं काचेचं भांडं आहे ना — ज्यानं तू नळ्या धुतोस, जे विहिरीच्या पाण्यात मिसळून मग मोजतोस — त्यात चिमूटभर मीठ पडते. माझ्या हातानं. बावीस वर्षं झाली, दर साली. साहेबांचा हुकूम — पहिल्या दोन खेपा टाक, बघू पोरगं विहिरीवर शंका घेते, स्वतःवर घेते, की आपल्या पाण्यावर. पाण्यावर घेतली तो राहिला, बाकीचे घरी. आणि शेवटी मलाच विचारतात, याला आपल्या मनानं सुचलं का रे गणपत? मी हो म्हटलं तर हो.

दोनच खेपा, हां. तिसऱ्यांदा? तिसऱ्यांदाही टाकलं. चौथ्यांदाही, पाचव्यांदाही, आणि आजही. कोण मोजते? यंदाच्या बाकीच्या पोरांनी घरी बसून आकडे जुळवून आणले, तूच एक वेडा, दिसलं ते लिहिणारा. मजा येत होती, खोटं काहून बोलू? दर सोमवारी तू गढ्याहून घागर खांद्यावर घेऊन, घामानं निथळत यायचा, आणि मी दारातच म्हणायचो — आज नक्की जमेल बरं का, भैया!

माझा बळीराम याच स्टुलावर बसायचा. सन सत्तावीसला. जेवताना घास हातात धरून विचारायचा — बाबा, कुठं चुकते हो माझं? मी म्हणायचो, लक्ष देऊन करत जा. आणि सत्यभामेला म्हणायचो, वरण वाढ त्याला. काय करणार, हुकूम म्हणजे हुकूम, आणि तेव्हा तर मी दोनाच्या वर एक खेपही टाकली नव्हती — दोनातच मोडला तो. आता कटनीला चुन्याच्या भट्टीवर आहे. दिवाळीलाही येत नाही. त्याच्या आईला अजून वाटते, पोराचं डोकंच कमी. वाटू दे. पोटच्या पोराला नाही सांगितलं मी — आणि तुला सांगू?

हां, आता सांगून बसलो खरं. पण त्यानं तुझं काय भलं होणार? साहेब विचारतील, पाण्यावर शंका कशी आली? गणपतनं सांगितलं म्हणशील, तर नाव कटलं. स्वतः शोधलं म्हणशील — तर ते खोटं, आणि खोटं तुला लिहितासुद्धा येत नाही, वही पाहिली ना मी. दहा मिनिटं गप्प राहिलो असतो तर निदान शोधायची उमेद तरी राहिली असती तुला. माझी जीभच अशी आहे, काय करू!

अच्छा, त्या डाव्या हातात काय लपवलं? परीक्षानळी? दाखव. इकडे, उजेडात धर. गढ्याचं पाणी जरा गढूळ असते, आणि हे तर… हे तर माझ्या भांड्यातलं आहे. नुसतं. विहिरीचा थेंब नाही यात. मग मी आलो तेव्हा ती शिशी तू — यातच ओतणार होतास? मी सांगायच्या आधी, आपल्या मनानं?

टाक आता. टाक ना. हे बघ, झालं दुधासारखं.

साहेबांचे बूट वाजले जिन्यावर. माझ्याकडे काहून बघून राहिला? साहेबांनी विचारलं, तर मी काही पाहिलं नाही. मी तर आत्ताच आलो, झाडू घ्यायला. ऊठ — आणि स्टूल जागेवर ठेव.