काकूंची चिलटं

चिलटांवरून आठवलं. आमच्या शेजारच्या सुमनकाकूंकडे यंदा चिलटांनी नुसता उच्छाद मांडला होता. चहाचा कप तोंडाला लावायची सोय नव्हती. मी वाटीत व्हिनेगर ठेवून पाहिलं, मोरीत उकळतं पाणी ओतलं, तरी मेली हटेनात. शेवटी वैतागून खाटेखाली वाकले, तर तिथे पेंढ्यात आंब्यांची अढी, आणि निम्मे आंबे कुजलेले!

"काकू, हे काय?"

"मुंबईहून माझा महेश पोरांना घेऊन येणार होता ना, त्यांच्यासाठी राखलेले."

"अहो, शाळा सुरू झाल्या. आता कुठला येतोय तो?"

काकू कपात पडलेलं चिलट बोटाने अलगद बाहेर काढत म्हणाल्या, "असू दे गो. ही तरी आली."