चौकीतलं बाकडं

देणगी देताना लोक पंखाच का देतात, हे कोडं मला आमच्या चौकीत उलगडलं.

शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला पोलीस चौकी झाली, तेव्हा आत एक हवालदार आणि एक टेबल, एवढंच होतं. मग गल्लीनं मनावर घेतलं. कुणी माठ दिला, कुणी घड्याळ दिलं. किराणा दुकानवाल्या शिवप्पाअण्णांनी बाकडं दिलं आणि पाठीवर वडलांचं नाव रंगवून घेतलं, 'कै. मल्लप्पा यांच्या स्मरणार्थ'.

महिन्याभरात अण्णाच त्या बाकड्यावर येऊन बसले. दुकानापुढं लावलेली शेजाऱ्याची मोटरसायकल कुणीतरी आडवी केली होती. मी काही पाहिलं नव्हतं, पण काय होतंय बघायला गेलो.

हवालदारांनी विचारलं, "गाडी कुणी पाडली?"

"वाऱ्यानं पडली असंल की," अण्णा म्हणाले.

"जरा उठा. मागं काय लिवलंय ते वाचा."

अण्णांनी वाचलं.

"आता ह्यांच्यासमोर सांगा."

अण्णांनी त्या नावावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मीच पाडली."

शेजाऱ्याची माफी मागून प्रकरण मिटलं. परत येताना मी विचारलं, "अण्णा, कसला विचार करताय?"

"पंखाच द्यायला पायजे होता. फिरताना नाव तरी वाचता येत न्हाय."