हिरव्या गल्लीतलं बिऱ्हाड

...आणि टाळ्या! अहो, माझी चड्डी दोरीवर वाळतेय आणि खाली सायकली धरून उभे असलेले परके लोक टाळ्या वाजवतायत! तुम्हाला सांगतो, अख्ख्या मॉन्ट्रियलमध्ये एवढा मान कुणाच्या चड्डीला मिळाला नसेल. ती माएल, हिरव्या छत्रीवाली गाईड पोरगी, खालून ओरडते, "बघा मंडळी, उन्हात वाळणारे कपडे! वीज अजिबात नाही! आणि हळू बोला हं, इथे माणसं राहतात!" राहतात म्हणे! जणू आम्ही पिंजऱ्यातली अस्वलं! पण बोलायची सोय नाही, हिरवं आहे ना सगळं!

आता ही गल्ली हिरवी केली कुणी? आमच्या उगेतनं! माझी बायको हो. पूर्वी त्या मागच्या बोळात होतं काय? उंदीर, फुटक्या बाटल्या आणि कुणीतरी टाकलेला सोफा. उगेतनं महापालिकेत इतक्या खेपा घातल्या, की तिला टाळायला का होईना, ती माणसं येऊन डांबर उखडून गेली. मग हिनं वेल चढवले, टोमॅटो लावले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जुंपलं, मलाही! गुडघ्यांची वाट लागली माझ्या, पण ऑगस्टात संध्याकाळी सगळे मिळून तिथं उकडलेली कणसं खायचो तेव्हा... जाऊ दे.

मग आली ही सहल. पर्यावरणाला धक्का न लावता शहर बघायचं म्हणे! म्हणजे सायकलवरून यायचं, आमचे टोमॅटो तोडायचे, आणि तोंडात टाकून उगेतलाच विचारायचं, "आजी, सेंद्रिय आहेत ना?" अहो, चोरून खाताय, वर चौकशी! पण बोलायची सोय नाही, हिरवं आहे ना सगळं!

आणि ही गर्दी हेरली कुणी? रेन्झोनं! आमचा घरमालक. बाप देवमाणूस होता, आणि ह्याला सायकल मी शिकवलेली. आला केकचा खोका घेऊन! "नॉर्माँकाका, तुम्ही दोघं म्हणजे ह्या गल्लीचा प्राण!" बरं. "पाहुण्यांना इथंच उतरायचंय, म्हणून हिरवं अतिथीगृह काढतोय." बरं. "तर... तुमची दुसरीकडे काही सोय बघाल का?" म्हणजे प्राणालाच सांगतोय, निघ बाबा आता!

उगेत कडाडली, "भांडायचं! कायदा आपल्या बाजूनं आहे." होताच की! पण ऐन हिवाळ्यात त्यानं भिंती उघडल्या, घराची ऊब वाचवायला म्हणून, आणि आम्ही आत लोकरीच्या टोप्या घालून जेवतोय! धूळ, ठोकाठोक, उगेतचा खोकला काही थांबेना. मार्चमध्ये एका सकाळी तीच म्हणाली, "नॉर्माँ, दे त्याच्या घर सोडायच्या कागदावर सही करून." एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एक जुलैला निघालो. इथले भाडेकरार तेव्हाच संपतात, अर्धं शहर त्या दिवशी घरं बदलतं, ट्रक मिळतोय कुठला? सामान बांधलं भाच्याच्या सायकलगाडीवर, गल्लीच्या तोंडाशी येतोय, तर समोर... माएल! छत्रीसकट! "बघा मंडळी, पेट्रोलचा थेंब न जाळता घर हलवतायत! किती थोडक्या सामानात जगतात ही माणसं!" पुन्हा टाळ्या! उगेत गादी धरून उभी, घळाघळा रडतेय, आणि एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणते, "तुमचं फार कौतुक वाटतं हो!" आता ह्यावर काय बोलणार? हिरवं आहे ना सगळं!

आता नदीच्या पुलापलीकडे राहतो, शहराबाहेर, महामार्गाला चिकटून. खिडकी उघडली की ट्रक घरात! पाव आणायला चालत जावं तर फुटपाथच नाही. उगेत गेली एकदा तशीच कडेकडेनं, तर पोलिसानं गाडी थांबवून विचारलं, "आजी, हरवलात का?" ही म्हणाली, "हो."

त्या दिवशी ठरवलं. जन्मभर पायी टपाल वाटलं मी, गाडीचं कधी नाव काढलं नाही, पण ह्या वयात घ्यावी लागली... जुनीच, धूर ओकणारी. दुकानदार म्हणाला, "चार-पाच उभ्या आहेत, आजी, रंग कोणता आवडतो?"

उगेत म्हणाली, "हिरवा सोडून कुठलाही दे बाबा!"