घासलेला तवा

सातारा स्टँडवर उंब्रजच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे फाउंड्रीतले दोघे होते. एकाच्या बोटांना पट्टी होती.

"आकाराम, लांबनं धग मोजायचं दोनातलं कुठलं यंत्र घ्यायचं, ठरलं का रं?"

"ठरलं. चुकलो तर मालक फोरमनकी काढतील, म्हणून दोन्ही घरी नेऊन तव्यावर धरली."

"मग?"

"पयल्यानं तापलेला तवा थंड सांगितला. म्या हात लावला."

"आरं गड्या!"

"यंत्र घरी येणार म्हणून कारभारणीनं तवा राखेनं लय चकचकीत घासलेला. चकाकीला ते फसतंय. दुसऱ्यात चकाकी किती ते आपण यंत्राला सांगायचं बटण हाय. तेच घेणार."

"मालकानं पट्टीचं इचारलं तर?"

"सांगीन, हात न लावता पारखलं."

घरी आल्यावर मी राख घेऊन आमचा तवा घासायला बसलो. बायको गेल्यापासून तो तसाच काळा होता.