त्रेपन्नावं कार्ड

मंडळी, ऐका! माणूस कामावर कधी आला, कधी गेला, ते कार्डावर छापून ठेवायचं — हा त्याच्यावरचा अविश्वास, की त्याचा मान? अहो, निम्मे कारखान्यात जाणारे बसलेत इथं. बघा, तोंडं आत्ताच वाकडी झाली!

कारवेवाडीच्या डेअरीत यमुनाबाई सातपुते टाइम ऑफिस सांभाळायच्या. दारातच वेळेचं मशीन. येताना कार्ड घातलं — खट्ट! — वेळ छापली, की ते ‘आत’च्या फळीत. जाताना पुन्हा खट्ट, आणि ‘बाहेर’च्या फळीत. दुसऱ्याचं कार्ड घालायला गेलात, की यमुनाबाईंनी हात धरलाच! एकदा सुपरवायझर इंगवले आपल्या मेव्हण्याचं कार्ड घेऊन आले.

"आक्का, वाटेतच आहे हो तो."

"येऊ दे की! मशीन कुठं पळून चाललंय?"

लोक मागून म्हणायचे, ही बाई नाही, पोलीस चौकी आहे. मनाला लागायचं हो! पण कुणाला सूट नाही.

आणि एका दुपारी बर्फाच्या खोलीजवळ अमोनियाचा पाइप फुटला! डोळ्यांची आग, श्वास कोंडला, सगळे धावत फाटकाबाहेर. अग्निशमनची गाडी आली. इंगवले ओरडले, "सगळे बाहेर आलेत!"

यमुनाबाई? धावतानाही ‘आत’च्या फळीतली कार्डं ओच्यात भरून आणली होती बाईंनी! एकेक नाव पुकारलं. बावन्न जणांनी ओ दिली. हातात एक उरलं — त्रेपन्नावं. गणपा लोखंडे.

"तो गेला घरी," इंगवले म्हणाले. "पोरीला बघायला पाहुणे यायचेत त्याच्या."

"गेला असता तर कार्ड ‘बाहेर’च्या फळीत असतं."

"विसरला असेल!"

"साहेब, माझ्यासमोरून जावं लागतं. मी विसरू देत नाही."

गाडीवरचा जवान म्हणाला, "बाई, आत मरण आहे. खात्री आहे ना?"

यमुनाबाईंनी त्या जवानाकडं पाहिलं. चुकलं तर दुसऱ्याच्या लेकराचा जीव! पण त्यांनी कार्ड त्याच्या हातात ठेवलं. "ह्याला आणल्याशिवाय हे परत देऊ नका."

तोंडाला मास्क लावून दोघे जवान आत गेले. आणि मंडळी — टाकीमागं निपचित पडलेला गणपा खांद्यावर घालून बाहेर आणला! श्वास चालू होता!

दवाखान्यातून तो बरा होऊन आला, तेव्हा कार्डावर त्या दिवसाची जाण्याची वेळ कोरी होती. यमुनाबाईंनी पेन घेतलं, ताठ मानेनं लिहिलं — तीन पंचावन्न, जिवंत बाहेर. खाली सही केली. आणि पहिल्यांदा त्या सहीकडं बघून इंगवल्यांनी हात जोडले, "आक्का, चुकलो."

आता तुम्हाला विचारतो. आज इथं तुमच्या शेजारची कुठली जागा रिकामी आहे? रोज येणारं कोण आलं नाही? पाहिलंत? नाही ना! मग आरती झाली की आधी त्याच्या दारात जा, हाक मारा — आणि त्यानं ओ दिली, की समजा देवानं दिली!