पितळी कठडा

ती : हलू नकोस म्हणता आणि स्वतःच हलता.

तो : मी नाही हललो. टेबल हललं.

ती : मग टेबल काय भुतानं हलवलं?

तो : तू कोपर टेकलंस. अगं अगं... गेला! उडाला चिमट्यातून. ऐकलास आवाज? टिक् झालं.

ती : मला नाही बाई काही ऐकू आलं.

तो : टिक् झालं म्हणजे फरशीवर पडला. सतरंजीवर पडला असता तर आवाज नसता झाला. पाऊल टाकू नकोस. आहेस तिथेच राहा.

ती : अहो, तासाभरात गाडी दारात येईल. बॅग अर्धी भरलीये, तुमचे कपडे अजून कपाटात, आणि मी इथे बगळ्यासारखी एका पायावर उभी. कशासाठी, तर एका खिळ्यासाठी!

तो : खिळा नाही तो. जहाजाच्या कठड्याचा खांब आहे.

ती : तांदळाच्या कणीएवढा जीव आणि म्हणे खांब.

तो : खऱ्या जहाजावर माझ्या कमरेपर्यंत यायचा. टॉर्च दे. आणि खाली बस, पण हळू.

(दोघं टेबलाखाली, गुडघ्यांवर.)

तो : वरून नको मारूस उजेड. आडवा धर, फरशीलगत. पितळ लगेच चमकतं.

ती : हा घ्या, चमकला.

तो : हा तुझ्या ब्लाउजचा हूक आहे.

ती : हो का? कधीची शोधतेय मी त्याला. बरं, आणि हा?

तो : हां, हाच! थांब, बोटानं उचलू नकोस. बोटाचं तेल लागलं की सोल्डर धरत नाही त्याच्यावर.

ती : जन्मभर भांडी घासून माझ्या बोटांत तेल उरलंय का, ते आधी बघा. मागे तुमचा तो जहाजाचा इवलासा नांगर केरात गेला, तेव्हा सगळा कचरा वर्तमानपत्रावर पसरून याच बोटांनी शोधला होता.

तो : आता ते नको काढूस. भिंग धर माझ्यासमोर. जरा वर. बस्स. हा इथे टेकवला... आता सोल्डरची तापलेली गन लावतो... धरलं. बघ, धरलं! अरे च्यायला!

ती : आता काय झालं?

तो : शेजारचा सुटला. हा बसवला की तो सुटतो, तो बसवला की हा. सकाळपासून नाकी नऊ आणलेत. इकडे गन लावली की आच पितळातून सरळ पुढे पळते आणि शेजारच्याचं सोल्डर वितळतं.

ती : मग शेजारच्यावर ओला कापूस ठेवा की.

तो : ठेवला होता. ठेवताना हात लागला आणि पुढचा आडवा झाला.

ती : हात थरथरतोय तुमचा.

तो : काही थरथरत नाहीये. गारठा आहे.

ती : डोंबलाचा गारठा. शर्ट घामानं पाठीला चिकटलाय. काल असा हात नव्हता, परवा नव्हता.

तो : तू जरा गप्प बसशील का?

ती : नाही बसणार. ठेवा तो चिमटा. परत आल्यावर करा काय करायचं ते. जहाज काही पळून जात नाही.

तो : तू हो पुढे.

ती : म्हणजे?

तो : एवढी एक बाजू झाली की मी येतोच मागनं. पहाटेची गाडी मिळते.

ती : पहाटेच्या गाडीनं येईपर्यंत पोरीला ऑपरेशनला आत नेलेलं असेल.

तो : मी असलो काय, नसलो काय. आत नेल्यावर मी काय करणार आहे तिथे? डॉक्टरांना पाना देऊ?

ती : बाहेर बसायचं.

तो : नुसतं?

ती : नुसतं. सगळे बाप बसतात तसं.

तो : मला नाही जमत हातावर हात धरून बसायला. इथे निदान हाताला काम आहे.

ती : सरळ सांगा ना, भीती वाटतेय म्हणून.

तो : कोण म्हणतं?

ती : मी म्हणते. मला नाही वाटत? मणक्याशी गाठ आहे पोरीच्या. उठून चालेल की नाही, डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत. पण मी बॅग भरतेय ना? ती जन्मली तेव्हा तुम्ही जहाजावर. तापात झटके आले, तेव्हा तुम्ही जहाजावर. माझी आई गेली, तेव्हाही मी एकटीच. कधी शब्दानं बोलले नाही. म्हटलं, पोटासाठी आहे. आता नोकरी नाही, समुद्र नाही, तर घरातच एक जहाज बांधून त्यावर जाऊन बसलात!

तो : हे तू एक दिवस बोलणार, माहीत होतं मला.

ती : माहीत होतं, तर बोलायची वेळ का आणलीत?

तो : डोळे मिटले की मला तीच दिसते. हिरवी चादर, आणि वर तो मोठा दिवा. इंजिन बंद पडलं तर मला कळतं कुठे हात घालायचा. तिच्या बाबतीत मला काय कळतं? आणि आज एक पितळेचा खांब धड उभा करता येत नाहीये मला. एक खांब!

ती : आणा तो चिमटा इकडे.

तो : मोडशील.

ती : मोडला तर मोडला. आणा म्हणते ना. कुठल्या भोकात?

तो : त्या. कडेपासून दुसऱ्या. श्वास रोखून धर. गन मी लावतो.

ती : काही नको, गनही द्या. तुम्ही तो कापूस दाबून धरा शेजारी. इथे लावू?

तो : खाली. बुडाशी. लाव... आता काढ. काढ, काढ! हं.

ती : धरलं का?

तो : धरलं. शेजारचाही आहे जागेवर. आता वरची तार तेवढी त्याला टेकव. अस्सं. झाली बाजू. आता टोकापासून टोकापर्यंत कुठे फट म्हणून नाही.

ती : अहो, असंच होतं का हो जहाज?

तो : तंतोतंत.

ती : मग माणसं उतरायची कुठून?

तो : म्हणजे?

ती : धक्क्याला शिडी लागायची ना, तिथे कठडा उघडा असायचा. इथे, या टांगलेल्या होडीच्या जरा अलीकडे.

तो : तिथे... तिथे दांडा असायचा आडवा. निघणारा. पण समुद्रात तो बंदच.

ती : मी कुठे समुद्रात पाहिलंय? मी पाहिलं ते धक्क्यावरून. पोरीला कडेवर घेऊन, मरणाच्या उन्हात. नजर सगळी त्या उघड्या जागेवर. एकेक माणूस यायचा बाहेर. हा नाही, हाही नाही. तुम्ही आपले सगळ्यांच्या शेवटी.

तो : इंजिन बंद करून, सगळं पुसूनबिसून मगच निघता यायचं आम्हाला.

ती : मला कळायचं. तिला काय कळणार? भलत्याच माणसाकडे हात करून बाबा, बाबा ओरडायची.

तो : हे कधी बोलली नाहीस.

ती : तुम्ही उतरलात की कुठलं लक्षात राहतंय.

तो : तार एकसंध आहे, गं. एवढीशी जागा करायची तरी कापावी लागेल. आणि कापली की दोन्हीकडचे खांब ढिले होणार. इतके दिवस घातलेत मी या कठड्यात!

ती : मग राहू द्या. मी आपलं बोलून गेले.

तो : राहू कसं देऊ? आता दिसलं ना! पक्कड दे. ती छोटी, लाल मुठीची.

ती : आणि हात?

तो : कापायला काय, थरथरला तरी चालतो. इथे?

ती : अजून थोडं अलीकडे. बॅग खांद्यावर घेऊन मावायला नको का माणूस?

तो : इथे. कापू?

ती : कापा.

तो : हा निघाला. हाही निघाला. बघ, तो तिसरा पण लटकतोय. सगळी मेहनत पाण्यात.

ती : तुम्हाला वाईट वाटतंय.

तो : वाटणारच. राग येतोय मला, सगळ्याचाच. राहू दे आता हे असंच.

ती : वर फडकं टाकू?

तो : नको. गन तेवढी बंद कर, तापलेली आहे. आणि शर्ट कुठला घालू, सांग.

ती : निळा घाला. दोन जास्तीचे मी भरते बॅगेत.

तो : अगं, आत न्यायच्या आधी भेटू देतात का तिला?

ती : देतात.

तो : मग काय बोलायचं असतं? मला ऐन वेळी काही सुचणार नाही, बघ.

ती : काही बोलू नका. तुम्ही दारात दिसलात की तिला पुरे.